एम.एड.चा निर्णय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नवीन वर्ष लागले की राज्याच्या प्रवेश परीक्षांच्या अर्जांची चर्चा गावोगावी सुरू होते आणि या सदराकडे एम.एड. या शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीविषयीची पत्रे येऊ लागतात. या अंकासाठी यवतमाळ, अमरावती, गडचिरोली आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे गाळली असून पत्रांचा आशय थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : मी बी.ए., बी.एड. आहे. दारव्हा तालुक्यातील एका विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. वय ३१ वर्षे. घरी शेती आहे, एक लहान मुलगा आहे. पुढे बी.एड.च्या महाविद्यालयात प्राध्यापक व्हावे अशी इच्छा आहे. एका महाविद्यालयातून मला सांगण्यात आले की, “एम.एड.ला प्रवेश घ्या, रोज येण्याची गरज नाही, परीक्षेपुरते या.” मैत्रीण म्हणते की एम.एड.पेक्षा एम.ए. शिक्षणशास्त्र सोपे पडेल. मी काय करावे?

ताई, आपल्या पत्रातील दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे, परंतु पहिल्याचे उत्तर एकच आहे : परीक्षेपुरते येण्याचा तो प्रस्ताव स्वीकारू नका.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार एम.एड. हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. प्रवेशाचा काळ वगळून वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला किमान ३६ तास, तात्त्विक विषय आणि प्रात्यक्षिके यांना किमान ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला किमान ९० टक्के उपस्थिती ही त्याची अट आहे. त्यामुळे जे विद्यार्थी वर्गात येतच नाहीत त्यांची पदवी खोट्या हजेरीपटावर उभी असते आणि त्या पटावर सही मात्र विद्यार्थ्याचीही असते. आपल्या भागात या प्रकाराला ‘नॉन-अटेंडिंग’ म्हणतात आणि एखाद्या सवलतीचे नाव घ्यावे इतक्या सहजतेने हा शब्द उच्चारला जातो. विद्यार्थी याकडे का वळतात हे मला समजते. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी असते, मजूर मिळत नाहीत, गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते, घरातील म्हाताऱ्या माणसांचे दुखणेखुपणे असते आणि शाळेतील तासिकांचे तुटपुंजे मानधनही बुडू द्यायचे नसते. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या अडचणींतून वाट काढून देण्याऐवजी शुल्क घेऊन नुसते कागद देणारी व्यवस्था ग्रामीण विद्यार्थ्यांचे जे नुकसान करते, ते पुढे आयुष्यभर भरून निघत नाही.

हे नुकसान नेमके कोणते? एम.एड.चा गाभा प्रश्नपत्रिकेत नाही. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र वाचून त्यावर वर्गात होणारी चर्चा, अध्यापक महाविद्यालयात जाऊन छात्राध्यापकांच्या, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या, पाठांचे केलेले निरीक्षण आणि त्यांना दिलेला अभिप्राय, आणि स्वतः निवडलेल्या प्रश्नावर लिहिलेला लघुशोधप्रबंध, या तीन गोष्टींतून शिक्षकांचा शिक्षक घडतो. जो विद्यार्थी वर्गात आला नाही त्याच्या पहिल्या दोन गोष्टी बुडतात, आणि तिसरी तो बहुधा कोणाकडून तरी लिहून घेतो. लघुशोधप्रबंध तयार करून देणारी दुकाने चालतात हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण ज्या छात्राध्यापकांना उद्या शिकवणार आहात, ते परवा एखाद्या तांड्यावरच्या किंवा कोलामांच्या पोडावरच्या मुलांसमोर उभे राहणार आहेत. त्या मुलांसाठी तरी आपले शिक्षण खरे असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता एम.एड. की एम.ए. शिक्षणशास्त्र हा प्रश्न. येथे एक गोष्ट प्रवेशापूर्वीच समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण अनेकांना ती पदवी हातात पडल्यानंतर कळते. केवळ बी.ए., बी.एड. आणि एम.एड. एवढ्या पात्रतेवर बी.एड. महाविद्यालयात प्राध्यापक होता येत नाही. परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार शिक्षणाचे तात्त्विक अधिष्ठान शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी दोन मार्ग आहेत : एक म्हणजे सामाजिक शास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., आणि दुसरा म्हणजे एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड.; दोन्ही मार्गांत प्रत्येक पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. मराठी, इतिहास, गणित, विज्ञान अशा शालेय विषयांच्या अध्यापनपद्धती शिकवायच्या असतील, तर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्ही पदव्या, त्याही किमान ५५ टक्क्यांनी, लागतात. या शैक्षणिक पात्रतेच्या जोडीला नेट किंवा सेट (सहायक प्राध्यापक पदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. असावी लागते ती वेगळीच.

म्हणून आपण प्रथम बी.एड.ची गुणपत्रिका काढून पाहा. त्यात ५५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड. यांवर तात्त्विक विषयांच्या पदासाठी आपण पात्र ठरू शकता, आणि नेटच्या शिक्षणशास्त्र या विषयालाही बसू शकता. मात्र ही पदवी ‘सोपी’ म्हणून घेऊ नका. बी.एड.ला ५५ टक्के नसतील, तर विषयाचे एम.ए. आणि त्यानंतर एम.एड. हाच आपला मार्ग आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर गुण पुरेसे असले तरी मी विषयाचे एम.ए. आणि एम.एड. हाच मार्ग सुचवेन, कारण त्याने तात्त्विक आणि अध्यापनपद्धती अशा दोन्ही प्रकारच्या पदांचा रस्ता मोकळा राहतो, अर्थात आपला विषय सामाजिक शास्त्रांपैकी असेल तर. शाळेतील तासिका चालू ठेवून दोन वर्षांत मुक्त विद्यापीठातून विषयाचे एम.ए. करावे आणि नंतरची दोन वर्षे एम.एड.साठी मोकळी करावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यास मुभा दिली आहे आणि त्यांतील एक नियमित व दुसरी दूरशिक्षणाची असू शकते, परंतु संबंधित परिषदांचे नियम तिथेही लागू राहतात. आठवड्याचे ३६ तास महाविद्यालयात, उरलेला वेळ घर आणि शेतीत, अशा स्थितीत दोन पदव्यांचे ओझे एकाच वेळी उचलणे मला योग्य वाटत नाही.

वय ३१ झाले म्हणून उशीर झाला असे समजू नका. नेटमधील कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी ३० वर्षांची मर्यादा असली तरी महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते, आणि केवळ सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी वयाची मर्यादाच नाही. मात्र शिष्यवृत्तीचा विचार मनात असेल तर वरच्या दोन मार्गांपैकी कोणता घ्यावा हे ठरवताना तो हिशेबात धरा, कारण चार वर्षांचा मार्ग आपल्याला त्या सवलतीच्या अगदी काठावर नेऊन सोडतो. रोजच्या प्रवासाचा खर्च मोजताना १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते, हेही लक्षात ठेवा; यवतमाळला ये-जा करण्याचा महिन्याचा आकडा मग पूर्वीइतका मोठा राहत नाही. आणि एक गोष्ट आपल्यापासून लपवणे बरोबर होणार नाही : अनुदानित महाविद्यालयांतील पदे थोडी आहेत, विनाअनुदानित महाविद्यालयांतील वेतन अनेकदा निराश करणारे असते. नोकरीची खात्री म्हणून ही पदवी घेऊ नये. शिकवणे म्हणजे काय हे खोलात जाऊन समजून घ्यायचे असेल, तर ती जरूर घ्यावी.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. डी.एड.नंतर नोकरी लागली आणि पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. नोकरी न सोडता एम.एड. करता येईल काय? या मुलांच्या शिकण्यावर संशोधन करावे अशी फार इच्छा आहे.

गुरुजी, पात्रतेचे उत्तर आपल्या बाजूचे आहे. डी.एड. आणि पदवी या दोहोंत प्रत्येकी किमान ५० टक्के गुण असल्यास राष्ट्रीय परिषदेच्या निकषांनुसार एम.एड.ला प्रवेश घेता येतो आणि राखीव प्रवर्गांना गुणांत नियमानुसार सवलत आहे. परंतु वर सांगितल्याप्रमाणे हा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. धारणीच्या शाळेत आणि घाट उतरून अमरावतीच्या वर्गात एकाच दिवशी हजर राहणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे सक्षम अधिकाऱ्यांची लेखी पूर्वपरवानगी आणि अध्ययन रजा मिळाली तरच एम.एड.चा विचार करावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देताना त्याची पोच आपल्याजवळ ठेवावी आणि मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत प्रवेश निश्चित करू नये.

रजा मिळाली नाही तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एम.ए. शिक्षणशास्त्र हा आपल्यासाठी चांगला पर्याय आहे. त्याचे प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो. आपल्याजवळ बी.एड. नसल्यामुळे या पदवीने बी.एड. महाविद्यालयातील पद मिळणार नाही, पण आपल्या पत्राचा रोख त्या पदाकडे नाहीच.

तो रोख मुलांकडे आहे आणि म्हणून या पत्राने मला विशेष आनंद झाला. कोरकू ही ऑस्ट्रोएशियाटिक भाषाकुलाच्या मुंडा शाखेतील भाषा आहे. मराठी इंडो-आर्य कुलातील, तर शेजारच्या जिल्ह्यांतील गोंडी आणि कोलामी द्रविड कुलातील. म्हणजे पहिलीत बसलेले कोरकू मूल मराठीची एखादी बोली बोलत नसते. ते एका सर्वस्वी वेगळ्या भाषेतून आलेले असते, आणि आपण मात्र त्याच्या गप्प बसण्याला ‘अभ्यासात मागे’ असे नाव देतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ सांगते की शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे. त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायाच्या आधारे द्यावे असे ठराव केले होते. नयी तालीमचा हा विचार आपल्याच विदर्भाच्या मातीत रुजला. सवड काढून सेवाग्रामला जा आणि तिथली आनंद निकेतन शाळा पाहून या. पुस्तकातील नयी तालीम आणि वर्गातील नयी तालीम यांतील अंतर तेथे नीट कळते.

संशोधनाचा विषय मात्र अरुंद ठेवा. ‘मेळघाटातील आदिवासी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास’ अशा शीर्षकांचे प्रबंध ग्रंथालयांत पुष्कळ पडले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे निष्कर्ष सुरुवात करण्यापूर्वीच माहीत असतात : गरिबी, अनास्था, स्थलांतर. आपल्याकडे जे आहे ते बाहेरून येणाऱ्या संशोधकाकडे नाही, म्हणजे रोजचा वर्ग. उदाहरणार्थ, एखादी गोष्ट आधी कोरकूतून आणि मग मराठीतून सांगितली, तर पहिलीची मुले ती मराठीतून पुन्हा सांगताना अधिक वाक्ये वापरतात काय? गणिताचे उदाहरण सोडवताना मुले आपसांत कोणत्या भाषेत बोलतात, आणि शिक्षक जवळ आला की ती भाषा बदलते काय? असा एक छोटा प्रश्न घ्या, गावातील कोरकू जाणणाऱ्या अंगणवाडी सेविकेची किंवा एखाद्या मोठ्या विद्यार्थिनीची मदत घ्या, मुलांचे बोलणे जसेच्या तसे वहीत उतरवा. लघुशोधप्रबंधासाठी एवढे पुरेसे आहे, किंबहुना एवढेच नीट होऊ शकते.

वेळापत्रक ठरवताना शाळेच्या दिनदर्शिकेबरोबर गावाची दिनदर्शिकाही पाहा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परत येतात. म्हणजे ऑगस्टमध्ये पूर्वचाचणी घेऊन जानेवारीत उत्तरचाचणी ठेवली, तर निम्मा वर्ग हाती लागणार नाही, आणि जी मुले लागतील ती तुलनेने स्थिर घरांतील असल्यामुळे निष्कर्ष एका बाजूला झुकेल. बाहेर गेलेल्या मुलांना न्यादर्शातून, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या गटातून, गुपचूप वगळू नका. त्यांची नोंद स्वतंत्र ठेवा आणि प्रबंधात ते स्पष्टपणे मांडा. पालकांची संमती त्यांच्या भाषेत समजावून घ्या, केवळ मराठी छापील कागदावर अंगठा घेऊ नका. मुलांची नावे आणि गावाचे नाव प्रबंधात बदलावे.

प्रश्न : मी चामोर्शी तालुक्यातील असून एम.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले. संख्याशास्त्राची भीती वाटते आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे वाचन पुढे सरकत नाही.

संख्याशास्त्राची भीती बहुतेकदा सूत्रांपासून सुरुवात केल्यामुळे बसते. सूत्र बाजूला ठेवून एका उदाहरणापासून सुरुवात करा. दोन शाळांतील आठवीच्या वर्गांचे गणिताचे मध्यमान, म्हणजे सरासरी, ६० आहे. एका वर्गाचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप, ५ आहे, दुसऱ्याचे २०. पहिल्या वर्गात बहुतेक मुले साठच्या आसपास आहेत. दुसऱ्यात काही नव्वदीत आहेत आणि काही तिशीतच अडकलेली आहेत. मध्यमान सारखे असूनही दोन्ही वर्गांत शिक्षकाने करायचे काम सर्वस्वी वेगळे आहे. प्रमाण विचलन कशासाठी काढायचे हे एवढे एकदा उमगले की सूत्र पाठ करण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. त्यानंतर एखाद्या शाळेतून ३० मुलांचे गुण मागून आणा आणि मध्यमान, प्रमाण विचलन, दोन गटांच्या मध्यमानांतील फरक तपासणारी टी-चाचणी हे सर्व एकदा तरी कागदावर हाताने करा. संगणकावर नंतर करावे. शून्य परिकल्पना ही संकल्पनाही फार अवघड नाही. दोन गटांत खरा फरक नाहीच असे ती गृहीत धरते, आणि तसे असेल तर एवढा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न आपण चाचणीला विचारतो.

वाचनाविषयी : परीक्षा आणि लघुशोधप्रबंध मराठीतून लिहिणारे विद्यार्थी विदर्भातील विद्यापीठांत भरपूर आहेत, त्यात कमीपणा नाही. शोधगंगा या संकेतस्थळावर मराठीतील पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. त्यांतील दुसरे प्रकरण, म्हणजे संबंधित साहित्याचा आढावा, संदर्भ शोधण्यासाठी उपयोगी पडते. ते उतरवून घेऊ नका, मूळ संदर्भापर्यंत जा. ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे शिक्षणशास्त्राचे साहित्य हिंदीतही मिळते आणि हिंदीतून एकदा विषय समजला की तोच भाग इंग्रजीत वाचणे सुसह्य होते. रोज इंग्रजीची दोनच पाने वाचा, पण त्यांचा सारांश मराठीत चार ओळींत लिहिल्याशिवाय वही मिटू नका. नेटची शिक्षणशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे ही सवय तिथेही कामी येईल. शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्याला नेटला बसता येते, तेव्हा पदवी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

मार्गदर्शकांकडे जाताना कधीही रिकाम्या हाताने जाऊ नका. “सर, विषय सुचवा” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला जुनाच विषय मिळतो. एक पान लिहून न्या, मग ते कितीही कच्चे असो.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातील शेतकरी आहे. आम्ही इतर मागासवर्गात मोडतो. मुलगी बी.एड. झाली, तिला अमरावतीला राहून एम.एड. करायचे आहे. खर्च झेपेल काय आणि प्रवेश कसा घ्यावा?

भाऊ, मुलीला शिकवण्याचा आपला विचार आहे हीच मोठी गोष्ट आहे आणि खर्चाचा प्रश्न आपण समजता त्यापेक्षा थोडा हलका आहे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. परंतु त्यासाठी प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. “जागा भरत आल्या, आजच पैसे भरा” असे सांगून कोणी संस्थेच्या कोट्यातून प्रवेश देऊ लागले तर घाई करू नका. तसा प्रवेश घेतल्यास ही माफी हातची जाते. मुलीने एम.एड.ची प्रवेश परीक्षा द्यावी, गुणवत्ता यादीची वाट पाहावी आणि पसंतीक्रम भरताना महाविद्यालयात रोज वर्ग होतात की नाही हे तेथे शिकणाऱ्या विद्यार्थिनींना विचारूनच भरावा.

राहण्या-जेवणाचा खर्च या माफीत येत नाही. त्यासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांकरिता असलेला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि इतर मागासवर्गाकरिता असलेली ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना या दोहोंची चौकशी करा. दोन्हींचा लाभ एकाच वेळी मिळेल असे गृहीत धरू नका. जी लागू होईल आणि अधिक सोयीची पडेल ती निवडा.

राष्ट्रीय परिषदेने २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात एक वर्षाच्या एम.एड.ची तरतूद होती, त्यामुळे “एक वर्षात होते” असे आपल्याही कानावर आले असेल. प्रवेशाच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत जो कालावधी छापलेला असेल तोच धरून पैशांचे नियोजन करा. कागदपत्रांपैकी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र तुलनेने लवकर मिळतात, पण जात वैधता प्रमाणपत्राला कित्येक महिने लागू शकतात. ते मुलीजवळ नसेल तर बुलडाण्याच्या जात पडताळणी समितीकडे प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता याच महिन्यात अर्ज करा आणि बँकेचे खाते तिच्या आधार क्रमांकाशी जोडलेले आहे याची खात्री करून घ्या, कारण शासनाच्या भत्त्याची रक्कम थेट त्याच खात्यात येते.